टेकडी जिची, मेंढ्या तिच्या

मी, एस्थर हेदरिंग्टन, विल्फ हेदरिंग्टनची विधवा, मुक्काम ब्लॅकरिग, नॉर्थंबरलँड, माझ्यामागे कोणाची भांडणे होऊ नयेत म्हणून हे राजीखुशीने लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. शंका असेल त्याने समोर येऊन बोलावे.

१. राहते घर, बँकेतील शिल्लक व विल्फचे घड्याळ माझा मुलगा कॉलिन याला. घराच्या भिंतीतले निम्मे दगड टेकडीवरच्या पडक्या रोमन लष्करी ठाण्यातून पूर्वजांनी उचलून आणले आहेत. इथे सगळ्यांनीच आणले, त्यामुळे कोणी कोणाला चोर म्हणत नाही.

२. टेकडी, तिच्यावरचे रोमन ठाणे आणि तिथला मेंढ्यांचा कळप मोरॅग ग्लेंडिनिंग हिला. ही ठाण्याच्या उत्खननाला आली त्याच वर्षी चर उघडाच टाकून गेली आणि आमची गाभण मेंढी त्यात पडली. विल्फने तिला तोंडाला येईल ते सुनावले. पोरीने बाह्या सरसावल्या. चरात उतरली, आणि मेंढी तिच्या हातांवर व्याली. विल्फच्या शेवटच्या आजारात कळप तिनेच सांभाळला. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

३. कॉलिन, आता तू चिडशील. तुझे पालुपद मला पाठ आहे: "आई, दगड दे हवे तर तिला, पण मेंढ्या बाजारात काढ. मेंढ्या काय, इथूनतिथून सारख्याच!" अरे बाबा, आपल्या टेकडीला कुंपण नाही. मेंढी आपल्या कोकराला हद्द शिकवते, म्हणून टेकडी ज्याची त्याचाच कळप, ही इथली रीत. शेजारच्या ट्वेडलचा कळप लाळ्या-खुरकुताच्या साथीच्या साली मारावा लागला. त्याने बाजारातून नवा आणला, तो पांगला, आणि ट्वेडल स्कॉटलंडपर्यंत शोधत फिरला. आज चरायला मेंढ्या नाहीत म्हणून त्याच्या माळावर कमरेएवढे नेचे माजले आहेत, खालची रोमन भिंत दिसतसुद्धा नाही.

४. ट्वेडलने फाटकाला टेकू म्हणून लावलेली रोमन दगडी वेदी आमच्या ठाण्यातली आहे. ती परत द्यावी. विल्फ होता तेव्हापासून मागते आहे.

५. कॉलिन, तरीही पटत नसेल तर माझ्या दफनाच्या दिवशी कळप खालच्या रस्त्यावर नेऊन सोड. कुत्रा बांधून ठेव, हाक मारू नकोस. अंधार पडायच्या आत मेंढ्या ठाण्याच्या भिंतीआड जाऊन बसल्या नाहीत, तर सगळ्या तुझ्या. खुशाल विक.

६. ती भिंत रचणारे शिपाई कुठल्या उबदार मुलखातून आले होते देव जाणे. बिचारे कुडकुडले असतील. त्यांचे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानते. त्रेसष्ट सालच्या बर्फात, कॉलिन, तू एवढासा होतास आणि हरवलास. सारा गाव कंदील घेऊन रस्त्यावर तुला हाका मारत होता. सापडलास तो ठाण्याच्या कोपऱ्यात, मेंढ्यांच्या मधोमध, गाढ झोपलेला. कळप आपल्या जागी गेला होता, आणि जाताना तुलाही घेऊन गेला होता. आजच्या मेंढ्या त्यांच्याच नाती-पणत्या. त्यांना विकायला माझा हात धजत नाही.

सही: एस्थर हेदरिंग्टन
ब्लॅकरिग, १४ ऑक्टोबर २०११

साक्षीदार:
विनिफ्रेड ऑर्ड, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी
सायलस ट्वेडल, शेजारी. वेदीचे कलम वाचले. सोमवारी ट्रॅक्टरवर घालून आणतो, म्हातारे. तोवर मरू नकोस.