जड पंखा

३० सप्टें. २००७, रवि.
आज पुन्हा तेच. ठाण्याची पार्टी, नागला बंदरापर्यंत जाऊन-येऊन. पाणी कापण्याऐवजी बोट कण्हत होती, मागे काळा धूर. एका बाईंची पांढरी साडी पार वाया. "ही सहल आहे की चूल?" म्हणाल्या. खरं तर हसू येत होतं, पण मालक म्हणून तोंड पाडून उभा राहिलो. परतीला दुसरा कॅन फोडावा लागला. डिझेल पितेय नुसती.

संध्याकाळी गोव्याच्या बोटयार्डातून फोरमनचा फोन. दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाला, पुढचं माझ्या हातात नाही. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन म्हणून पंधरा दिवसांच्या रजेवर आलो होतो. उन्हाळा होता तेव्हा.

बाबांचं एकच पालुपद. "बोट नीट कर, डिझेल आटोक्यात आन. मंग खुशाल जा."

३ ऑक्टो.
बोट नीटच आहे. खालचा पंखा, प्रॉपेलर, चुकीचा आहे.

नारळी पुनवेची शर्यत हिराजीकाकाने मारली. बाबांचा चुलतभाऊ आणि जन्माचा स्पर्धक. आमच्या कशेळीत एक रीतच आहे, जिंकणाऱ्याच्या बोटीला जो पंखा असेल तोच पुढच्या महिनाभरात निम्म्या खाडीला लागतो. बाबांनी तर आठवड्यात आणला. काकाची बोट सडपातळ, इंजिन आमच्यापेक्षा कितीतरी मोठं. आमची जुनी रेती वाहायची, पोट सुटलेली, वर आता छप्पर आणि बाकडी. तिला एवढ्या पिचचा पंखा, म्हणजे पात्यांना एवढा पीळ, झेपेल कसा? इंजिन आपल्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही. भरल्या ट्रकने टॉप गिअरमध्ये पूल चढावा तसं.

सांगितलं. बाबा: "पंखा काढायचा न्हाय. पूजा झालेली हाय त्याची."

१० ऑक्टो.
पंखा सोडून सगळं केलं. फिल्टर नवे. नोझल काढून भिवंडीला तपासून आणले. ओहोटीला चिखलात लोळून तळाची कालवं खरवडली, कोपर फाटला. फरक पडला, पण चिमूटभर.

बाबा काठावर खुर्ची टाकून बघत होते. खूश. "बघ, सुधारतेय हलूहलू." या हलूहलूनं माझा जीव जाणार आहे.

रात्री जेवताना आईला म्हटलं, तू तरी समजाव. तिने आणखी एक भाकरी वाढली.

२१ ऑक्टो. दसरा
पंख्याला झेंडूचा हार. मी हात जोडले आणि मनात शिव्या घातल्या.

बाबा येईल त्याला सोनं देताना सांगत होते, पोरगा आता हितंच हाय, बोट तोच बघतो. मला न विचारता. सगळ्यांच्या देखत काय बोलणार? वडपे गावचा मावसभाऊ म्हणाला, बरं झालं, आमच्याकडे जमिनीवर गोडाऊन उठली, तुमच्याकडे निदान पाणी आहे. पाणी आहे. म्हणूनच बाहेर पडता येत नाही.

गोव्याला माझ्या जागी दुसरा मुलगा काम शिकतोय म्हणे.

२४ ऑक्टो.
काल्हेरच्या एकाकडे पडलेला पंखा मिळाला. व्यास जवळजवळ तोच, पिच कमी. आपल्या बोटीला अगदी हवा तसा. बाबांनी पाहिलाही नाही.

शेवटी हिराजीकाकाकडे गेलो. बाबा ऐकलं तर त्याचंच ऐकतात. म्हटलं, काका, तुमचा पंखा आमच्या बोटीला चालत नाही, एवढं बाबांना तुम्ही सांगा.

काका जाळं विणत होता. हसला. "तुझ्या बाला ठाव हाय रं सगलं. पयल्याच फेरीला मना बोलला, पंखा जड हाय. मी बोललो, बदल मंग. तं बोलला, राहू दे. पोरगा त्याच्यान गुंतलाय. डिझेल जलतंय तं जलू दे, पोरगा तं घरान हाय."

घरी कसा आलो आठवत नाही. संताप आला, इतका की चावी फेकली भिंतीवर. मग रडू आलं, ते का, तेही कळेना.

२७ ऑक्टो., शनि.
उधाणाची ओहोटी, बोट सकाळीच चिखलावर बसलेली. कुणाला न विचारता पंखा ओढून काढायचा पुलर लावला.

नट ढिला होत नव्हता. मागून काठीचा आवाज. बाबा. मी ठरवलं होतं की आले तर सगळं तोंडावर बोलायचं. ते चिखलात उतरले, पात्याखाली ठोकळा सरकवला आणि म्हणाले, "आता मार." मी हातोडा मारला. जुना पंखा निघाला. मग काल्हेरचा बसवला. काका काय म्हणाला ते मी काढलं नाही. मला ठाऊक आहे, हे बहुतेक त्यांना कळलं असावं.

२८ ऑक्टो., रवि.
इंजिनाचा आवाजच बदलला. मोकळं, गोल. धूर नाही. नागल्याहून परत आलो ते पहिल्याच कॅनमध्ये, तळाशी उरलंसुद्धा. पार्टीतल्या एकाने विचारलं, नवीन इंजिन टाकलं का?

एवढं मनासारखं काम आजवर झालं नव्हतं. ज्यांना सांगावंसं वाटत होतं ते नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, पाठ करून बसले होते. धक्क्याला लागताना नुसतं म्हणाले, "झाली नीट."

फोरमनला कळवलं, येतो. दिवाळीआधी.

४ नोव्हें., रवि.
बॅग भरून तयार. बुधवारची गाडी. एक पोरगा सुकाणूला ठेवलाय, बरा आहे.

सकाळी बोटीत चढताना बाबांचा पाय फळीवरून सरकला. मी हात पुढे केला. त्यांनी धरला नाही. दोराला लोंबकळत, खुबा सावरत, पाचदा थांबून चढले. कपाळावर घाम. मी ओरडलो, हात धरायला काय झालं?

"तू गेल्यावं कोन हाय?" म्हणाले. रागाने नाही, साधंच. "आतापासून सवय करतो."

दिवसभर बोट झकास चालली.

फोरमनचे दोन मिस्ड कॉल आहेत. कुठल्या गाडीने येतोस विचारत असेल. फोन समोरच ठेवलाय. आई जेवायला बोलावतेय.