लांज्याकडची भेंड

३ नोव्हेंबर
सकाळपासून भाट्याच्या खाडीवर. भेंड आणि बेलपाटा, खाडीकाठची झाडं, चुलत भावंडं. फुलं पिवळी, पानं बदामाच्या आकाराची, लांबून ओळखणं कठीण. फूल उघडून पाहिलं की भांडण मिटतं: बेलपाट्याचा मधला दांडा टोकाशी पाच ठिकाणी फुटतो, भेंडीचा अखंड. गुडघाभर चिखल. आईचा फोन, भाजीच्या भेंडीवर कुणी पीएचडी करतं का? पुन्हा समजावलं. पुन्हा पटलं नाही.

९ नोव्हें.
लांज्याच्याही आत, समुद्रापासून इतक्या लांब, पऱ्याच्या गोड्या पाण्याकाठी भेंड!! चार झाडं. दांडा तीनदा तपासला. अखंड. खाडीकाठचं झाड इथे आपसूक आलं असेल तर माझ्या पीएचडीच्या नकाशातला सगळ्यात आतला ठिपका. आधी कुणी नोंदवलेला नाही. एसटीत एकटीच हसत होते.

१० नोव्हें.
गाईड सरांनी फोटो पाहिले. छान म्हणाले, पण लावलेलं नाही कशावरून? लावलेलं आपण धरत नाही. एवढा राग आला...

१४ नोव्हें.
पुन्हा गेले. तीन झाडं सरळ ओळीत. त्या दिवशी आनंदात दिसलंच नाही. रानात अशी शिस्त कोण पाळतं? वरच्या घरातल्या इंदूकाकूंना विचारलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा गुरं शेतात शिरायची, म्हणून माहेरच्यांनी भाट्याहून भेंडीचे ओले खुंट आणून वई घातली. कुंपण गेलं, खुंटांची झाडं झाली. ठिपका गेला. काकूंनी आंबोळ्या वाढल्या, चार खाल्ल्या. दुःखात मला भूक लागते.

पण चौथं झाड पऱ्याच्या पलीकडे, ओळीबाहेर. ते कुणी ठोकलेलं नाही. बी पडून आलेलं. मग?

१५ नोव्हें.
सर: आईबाप पाहुणे, तर पोर गावकरी कसं? मी: जन्मलं तर इथेच ना. बराच वेळ भांडलो, मजा आली. शेवटी म्हणाले, नकाशा तुझा, तूच ठरव. हे तर आणखी वाईट.

१९ नोव्हें.
बिया आणायला गेले. काकूंना सांगितलं, सर त्या झाडांना उपरी म्हणतात. काकू भाकरी थापत होत्या. हात थांबला.
"माजं म्हायेर भाट्याचंच. चाळीस वर्सां झाली हितं. मी अजून उपरीच काय गो?"
नाही म्हटलं, जरा घाईनेच. परतताना एसटीत नकाशा उघडून पेन्सिलीने ठिपका दिला. शेजारी मूळचं लिहायचं की आणलेलं, ते लिहिलेलं नाही अजून.