खेडच्या कोर्टातली सोडचिठ्ठी

५ जुलै १९७७

अनंतच्या आई आज खोलीवर आल्या. चहा घेतला आणि सरळ विषयालाच हात घातला— “कोर्टातनं सुटलीस ना? मग कागद दाखव. श्रावणाआधी लग्न उरकून टाकू.” म्हणजे होकारच की! कागद मात्र माझ्याकडे नाही. एकच होता, तो पहिल्या नवऱ्याच्या, मालोजीच्या घरी राहिला. खेडला जाऊन नक्कल आणायची. त्यात काय मोठंसं!

७ जुलै, गुरुवार

कंपनीला सुट्टी. चाकणवरून एसटीनं खेड.

कोर्टातला कारकून म्हणाला, “दाव्याचा नंबर?” ठाऊक नाही. “साल?” एकाहत्तर. “वादी कोण, प्रतिवादी कोण?” आता भांडायचो तर आम्ही दोघंही! तसं सांगितलं, तर हसला. पण माणूस बरा. अर्ज कसा लिहायचा, त्यावर कोर्ट फीचं तिकीट कुठं लावायचं, सगळं समजावलं. नंबर नसला तरी नावावरून शोधता येतं म्हणे. रजिस्टर उघडून बसला. मालोजी नाही, मी नाही. मग एकदम म्हणाला, “अहो बाई, नवरा-बायकोचे दावे इथं चालतच नाहीत. पुण्याला जा.”

इथं चालत नाहीत कसं? याच फाटकासमोर चिंचेखाली मी सही केलीय! टायपिस्ट होता, मालोजीचे चुलते यशवंतराव होते, लाल शिक्का होता. मग ते पुण्याला कधी गेलं? मला न विचारता?

१४ जुलै, गुरुवार

पुणे. शिवाजीनगर कोर्ट. तिथंही नाव नाही. “निकाल कोणत्या साहेबांनी दिला?” साहेब? साहेब तर कुणी नव्हतेच.

कारकून जेवायला गेला तोवर एका दालनाच्या दारात घुटमळत होते. शिपाई म्हणाला, “बसा की आत. कोर्ट उघडंच असतं, कुणीही बसावं.” मागच्या बाकावर बसले. पिंजऱ्यात माझ्याएवढीच एक बाई. जज्जसाहेबांनी तिला दोनदा विचारलं, “स्वखुशीनं सांगताय ना?” मला कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

१५ जुलै

अनंत म्हणतो, “ऑफिसात गहाळ झाला असेल.” हो, तसंच असेल.

२१ जुलै, गुरुवार

चिंचवडच्या उद्धवराव वकिलांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं. “सापडणार कसा? कागद कोर्टात गेलाच नाही. स्टॅम्पपेपर सरकारचा असतो, मजकूर तुमचा. कोर्टाच्या दारात टाइप केला म्हणून तो कोर्टाचा होत नाही.”

मग मी कोण?

“कायद्यानं अजून मालोजीची बायको.”

सहा वर्षं! सहा वर्षं मी पॅकिंगमध्ये सगळ्यांना ताठ मानेनं सांगतेय, सुटलेली आहे म्हणून. आणि मालोजीनं तर चार वर्षांपूर्वी वाजतगाजत सुहासिनीशी लग्न केलं, मग ती कोण? डोकं भणभणतंय. राग कुणाचा करू तेच कळत नाही.

मार्ग आहे, वकील म्हणाले. नवीन कायद्यानं दोघांनी मिळून अर्ज करता येतो. पण मालोजीला स्वतः येऊन उभं राहावं लागेल. तो कशाला येतोय? त्याचं कुठं काय अडलंय! निरोप मात्र धाडलाय.

२३ जुलै

सांजेला दारात सुहासिनी! पोटुशी आहे. वाटलं, आता झिंज्या धरते. तिनं चहाही घेतला नाही. म्हणाली, “मालक न्हाई म्हन्त्यात. मी आणते त्यास्नी, कसंबी. तुमी सुटल्याबिगर माजं लगीन लगीनच न्हाई म्हनं. व्हय का, ताई?”

मी मान डोलावली.

म्हणाली, “तर नकला दोन काढा. एक मला.”