कांदळाची चौसष्ट रोपं

प्रिय लोसा,

केवड्याच्या पातीच्या वीस पिशव्या आणि कानातल्यांचे बारा जोड आजच्या बोटीने पाठवलेत. वीण सैल वाटली तर रागावू नकोस. तुझ्या दुकानाच्या हिरव्या चिठ्ठ्या या खेपेला बांधल्या नाहीत. ‘ही पिशवी घेतलीत, किनाऱ्यावर एक झाड लागलं’ हे वाचलं आणि त्या डब्यात परत टाकल्या.

मागच्या महिन्यात आपल्या गावचे सरदार वारले, तुला कळवलंच होतं. तेव्हापासून प्रवाळाच्या खडकावर काठी रोवून फडकं बांधलंय. दुखवट्याच्या शंभर रात्री किनाऱ्यापासून त्या खडकापर्यंतच्या पाण्यात कुणी पाय घालायचा नाही. तू तिकडे शहरात, सुव्यात राहून हे विसरलीस, आणि मीही आठवण करून दिली नाही. तुझा फोन आला, ‘आई, सिडनीची गिऱ्हाइकं आपापली झाडं बघायला येतायत, लावलीस ना?’ मी फटकन ‘हो’ म्हणून बसले. कांदळाच्या शेंगा तर टोपलीत सुकत पडलेल्या! तुझं दुकान खोटं पडेल या धास्तीने मला दोन दिवस घास गेला नाही.

मग एका पहाटे, ओहोटी लागल्यावर, गेले मी. आजवर विकलेल्या पिशव्यांच्या हिशोबाने चौसष्ट शेंगा चिखलात रोवल्या. शेजारच्या उनाइसीमावशीला मी घरात दिसले नाही, तशी ती शोधत आली आणि गुडघाभर चिखलात शिरून तिने माझा दंड धरला. ‘अगं बये, अक्कल गहाण टाकलीस का? चल आधी वर!’ मी माडांमागून घराकडे पळाले. तिचे गुडघे तुला माहीत आहेत, ती मागे राहिली. आणि सरदारांच्या भावाने तिलाच पाहिलं, चिखलाने माखलेली.

गाव जमलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, ‘हो, मीच गेले होते. म्हातारीला खेकडे खावेसे वाटले, झालं!’ मग सरदारांच्या भावाने माझं नाव घेऊन विचारलं, ‘मेरे, तुला काही ठाऊक आहे?’ मी मान हलवली, नाही म्हणून. लोसा, तुझ्या आईने हे केलं गं.

आता तिच्या दारात कुणी फिरकत नाही. शुक्रवारी पुन्हा बैठक आहे, तिला तिच्या माहेरच्या बेटावर धाडायचं घाटतंय. चाळीस वर्षं नांदली ती इथे, तिकडे तिचं कुणी उरलेलं नाही. आणि ती मेली रोपं रोज ओहोटीला माना वर काढतात. उपटायची तर पुन्हा त्याच पाण्यात उतरावं लागेल. मला झोप नाही, दार वाजलं की शेंगांची रिकामी टोपली आधी लपवते.

शुक्रवारी मी सगळं सांगणार आहे. पण आपल्यात एकटीने माफी मागता येत नाही, माफीचा देवमाशाचा दात गावापुढे ठेवायला आपलं माणूस लागतं. तुझे बाबा असते तर ते उठले असते. त्यांच्या पेटीतला दात मी खोबरेल लावून पुसून ठेवलाय. गुरुवारच्या बोटीने ये, बाळा. नाही आलीस तरी मी बोलेन. पण मग माझ्यासाठी तो दात हातात घेऊन एकच माणूस उठेल, दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकून, आणि ती उनाइसी असेल.

वाट बघणारी, तुझीच
आई