डाव्या बाजूची जाळी

अण्णा, कुपवाडच्या गॅरेजात तुम्ही गाडीला एसी बसवून घेतलात त्या दुपारी मी शाळेच्या युनिफॉर्मातच मागच्या सीटवर बसले होते. तुम्ही आरशातून विचारलंत, "गार लागतंय का?" मी म्हटलं, "हो, अण्णा." आई तुमच्या शेजारी शाल लपेटून बसलेली. तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्यांत एसीची गाडी तुमची एकट्याची, याचं तुम्हाला कोण कौतुक!

त्या एसीनं तुमच्या माघारी यंदा माझा जीव खाल्लाय. वडूजची मावशी अंथरुणाला खिळली आहे. आईला तिला भेटायचंय, तेही तुमच्याच गाडीतून. आणि डॉक्टर म्हणतात, आईला या उन्हात तापलेल्या गाडीतून नेऊ नका. सांगलीत एकानं गॅस भरला, दुसऱ्यानं पट्टा बदलला, तिसऱ्यानं पंखा. अर्धा तास गार, की पुन्हा कोमट. चौथा म्हणाला, "मॅडम, गाडीच बदला." जो तो बोनेट उघडतो आणि मान हलवतो. तुम्हीही दर उन्हाळ्यात हेच केलंत ना? गॅस, गॅस आणि गॅस! शेवटी गॅस न भरताच फसवतो म्हणून कुपवाडच्या मिस्त्रींना चारचौघांत चोर म्हणालात आणि ते गॅरेजच सोडलंत.

मंगळवारी लाज गिळून आईला घेऊन त्यांच्याकडेच गेले. मिस्त्री आता काठी टेकत चालतात. बोनेटला त्यांनी हातही लावला नाही. डॅशबोर्डच्या जाळ्यांसमोर तळहात धरला, आईच्या बाजूची जाळी काढली आणि चिमट्यानं आतून एक बोळा ओढला. तपकिरी शालीचा तुकडा.

"हवा अशी कोंडली की आत बर्फ धरतोय, ताई. मग गॅस भरून काय हुणार?"

आईनं तुकडा लगेच ओळखला. "गारठ्यानं पाय आखडायचे माझे, म्हणून मीच कोंबलेला. पण एवढ्या हौसेनं माझ्यासाठी बसवलेला, न्हाई कसं म्हणायचं?"

"म्हंजी वैनी, तुमच्या पायांपायी मी चोर ठरलो व्हय?" मिस्त्री हसले. मग चष्मा पुसत राहिले. "मला सुचलं हुतं, पण लय उशिरा. तवर मालकांनी येणं बंद केलेलं."

अण्णा, इतकी वर्षं! एकदा शेजारी वळून आईचे पाय बघायचे होते.

पण कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की सिस्टर व्हरांड्यात उभं करायच्या, म्हणून माझंही सांगून टाकते. पहिली दुपार सोडली तर मागच्या सीटवर हवा कधी धड आलीच नाही. घामानं भिजून मी "हो, अण्णा" म्हणत राहिले. तुमचा चेहरा पडलेला मला बघवला नसता.

काल वडूजला जाऊन आलो. मावशीनं आईचा हात सोडला नाही. येताना आई दोन शाली पांघरून कुरकुरत होती, आणि गाडी थेट घरापर्यंत गार होती.

तर आता असं करायचं. आईनंतर गाडी मिस्त्रींना. दादा विकायची म्हणतोय, त्याच्याशी मी बोलेन. त्याला तुमचं घड्याळ. शालीचा तुकडा मी ठेवून घेतलाय. तुमचा पान्यांचा डबा उद्याच मिस्त्रींकडे जाईल, आणि हे पत्र त्याच्या तळाशी. तुम्हाला ते पोचायचं नाही. त्यांना पोचेल.