शेवटच्या कडव्यातलं नाव

२३ ऑक्टो. २०१७, चिचगड
काल गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. दंडारीच्या नाच-नाट्यात माझं नवं गाणं. सिनेमातल्या पाठवणीच्या गाण्यासारखी चाल, पण नवरी रडते ती आईसाठी नाही, सासरी टॉवर नाही म्हणून. ‘आई, तिकडं नेट नाही, लग्न मोडून टाक गं!’ लोक पोट धरून हसले. रेखा आज मशीनवर ब्लाऊज शिवता शिवता तेच गुणगुणत होती. बायको गुणगुणली म्हणजे गाणं पास.

२७ ऑक्टो.
गोंदियाहून साळ्याचा व्हॉट्सॲप. ‘जीजाजी, देखो, नागपुरवालों ने क्या मस्त बनाया है!’ उघडतो तर माझाच आवाज! वर कुठल्याशा सिनेमातली रडणारी नवरी चिकटवलेली, हातात मोबाईल. आणि शेवटचं कडवं गायब.
‘सुखदेव म्हणे, पोरी, चढ मोहावर,
दोन दांड्या येती शेंड्यावर.’
नेमकं तेच कापलं! गाणं बांधणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात, आमच्या दंडारीत बापजाद्यांपासून हेच. साळा म्हणतो, स्टेटसला तीसच सेकंद बसतात. मग सुरुवातीचं कापा ना!

३० ऑक्टो.
शिलाईच्या दुकानासाठी कापड घेऊन येताना कोहमाऱ्याला ढाब्यावर थांबलो. एक ट्रकवाला तेच लावून बसलेला, हसून हसून चहा सांडला त्यानं. म्हटलं, गाणं माझं आहे.
‘सब यही बोलते हैं, भैया.’
सब? म्हणजे आणखी कोण कोण...

२ नोव्हें.
शेजारच्या गावची मंडई. पहिली ओळ घेतली नि मागून कोणीतरी ओरडला, ‘हे तं मोबाईलवरचं होय! चोरून गाऊन राहिला बुढा!’ मग काय, हुर्यो. शेवटच्या कडव्यापर्यंत जाऊच दिलं नाही. गेलो असतो तर नाव आलं असतं ना, मूर्खांनो! माझ्याच गाण्याचा चोर मीच. घरी येऊन जेवलो नाही.

४ नोव्हें.
नवं गाणं. सिनेमातला डाकू गाव लुटायला येतो, पैसा नको म्हणतो, लाइक मागतो. ओळीओळीत नाव टाकलं. कापा आता कुठून कापता ते! रेखाला म्हणून दाखवलं. हसली नाही.
‘काऊन, जमलं नाई का?’
‘डाकू चांगला आहे जी. पण तो आला का सुखदेव, गेला का सुखदेव. हसाले जागाच नाई. नाव काढून पाहा बरं.’
तिच्यावर ओरडलो. दुपारी दुकानात एकटा असताना नाव काढून म्हटलं. मलाच हसू आलं. त्या हसण्याचाच भयंकर राग आला.

६ नोव्हें.
आज तिसरी मंडई. दोन कागद तयार, एक नावाचा, एक बिननावाचा. रेखा कधी नाही ती सोबत यायला निघाली. म्हणाली,
‘पुढंच बसतो मी. कोणी चोर म्हटलं का उठून सांगतो, कोणाचं गाणं आहे ते.’
बरं वाटलं. पण मोबाईलमध्ये ही कुठं बसेल?
दोन्ही कागद खिशात घातले.