आत्याबाईंच्या वाटणीचं पाणी

३ एप्रिल

मोरीचा फोटो काढायला माणसं येतात, हे जन्मात पहिल्यांदा पाहिलं! बचत गटाच्या 'हिरवं घर' स्पर्धेच्या बाया आल्या होत्या. मी सगळं दाखवलं — ओल्या कचऱ्याचा माठ, बाजारच्या कापडी पिशव्या, भांड्यांची राख. पण त्या रेंगाळल्या मोरीपाशीच. आमच्याकडे अंघोळ बाजेवर बसून करायची, बाजेखाली पसरट टब. टबातलं पाणी फरशीला, फरशीचं संडासात. तांदूळ धुतलेलं कढीपत्त्याला. एक बाई म्हणाली, हे कुठं शिकलात? मी आत्याबाईंकडे बोट दाखवलं. सासू म्हणून त्यांनी मला दुसरं काही शिकवलं नाही, पण पाणी शिकवलं.

फोटोसाठी त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला होता. फोटो झाला तशी त्यांनी तो तसाच्या तसा रांजणात ओतला. बायांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

९ एप्रिल

पहिला नंबर! भिंतीवर पाटी लावली. हे दुकानातून येताना पेढे घेऊन आले. संस्कृती मध्येच म्हणाली, "आई, आजी पाणी कधी पिते गं?" पीत असेल की, म्हटलं.

१४ एप्रिल

आत्याबाई उंबऱ्यात पडल्या. डॉक्टरांनी हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. म्हणाले, अंगात पाणीच नाही. विसरण्याचा आजार वाढलाय, तहान त्यांना कळणार नाही, तुम्हीच पाजायचं. असंच चाललं तर किडन्या जातील.

सलाईन लावलं. आत्याबाई नळीकडे बघत होत्या. मग दोन बोटांनी नळी दाबून धरली. "एवढं पाणी एकट्या माणसाला?" ह्यांना हसू आलं. मला नाही.

१५ एप्रिल

घरी आणलं. नाही प्यायल्या.

१८ एप्रिल

साखर घालून झालं, लिंबू पिळून झालं, ताक झालं. ओठाला लावतात आणि बाजूला ठेवतात. जरा नजर हलली की पाणी रांजणात! नळ आता चार दिवसांआड येतो, टाकी भरलेली आहे. पण त्यांच्या डोक्यात अजून तोच दुष्काळ. संस्कृती झाली तो उन्हाळा. माझ्या माहेरी, नांदूरघाटला, घागरभर पाण्याची मारामार, म्हणून पहिलं बाळंतपण असून मी इथं वडवणीतच राहिले होते. तेव्हाच आत्याबाईंनी बाज मोरीत नेली.

आता दिवसभर विचारतात, "टँकर आलता का?" आला म्हटलं की म्हणतात, मग भरून ठेव. नाही म्हटलं की म्हणतात, मग मला कशाला देतीस? इकडं आड, तिकडं विहीर — आणि घोटभर पाणी नाही! मी हसले. मग मोरीत जाऊन रडले.

२२ एप्रिल

शेजारच्या आमिनाबी कलिंगड घेऊन आल्या. त्यांच्या यासीनचा फळांचा गाडा आहे. म्हणाल्या, पाणी पीत न्हाईत तर पाणी खाऊ घालू. लई गोड बोलून त्यांनी दोन फोडी भरवल्या. मला वाटलं, जमलं! तिसरी फोड आत्याबाईंनी पदरात गुंडाळली. "तिला लागंल." कुणाला लागंल, विचारलं तर तोंडावर बोट ठेवलं. पदर लाल झाला. संध्याकाळी धुतला तेव्हा ते पाणीही टबात धरलं मी. हात सवयीनं चालतात.

२५ एप्रिल

आज माझं डोकं फिरलं. लिहायला लाज वाटते.

ग्लास घेऊन सकाळपासून मागं-मागं फिरत होते. दुपारी त्यांनी तो पुन्हा रांजणात ओतला आणि मी भरलेली बादली उचलून अंगणात उपडी केली. त्यांच्यासमोर. ओरडले, बघा, पाणी पाहिजे तेवढं आहे! प्या आता!

आत्याबाई ओरडल्या नाहीत. उन्हात उकिडव्या बसल्या. पदर त्या चिखलात भिजवायच्या आणि वाटीत पिळायच्या. भिजवायच्या, पिळायच्या. मी हात धरून उठवायला गेले तर मलाच म्हणाल्या, "धर की तू बी. सांडलं कुणी एवढं?"

मी पण बसले. दुसरं काय करणार!

२७ एप्रिल

लघवी अगदी कमी. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी घालू. त्या ती ओढून काढतील, म्हटलं. मग हात बांधावे लागतील, म्हणाले. ह्यांनी मान खाली घातली. घरी आल्यावर म्हणाले, "तू शिकलेली हायस, तूच काहीतरी कर." शिकलेली! मला पाणी वाचवायला येतं. माणसाच्या घशाखाली घालायला येत नाही.

भिंतीवरची पाटी काढून कपाटामागं टाकली.

२८ एप्रिल

तीन चमचे. कापसानं ओठ ओले केले.

२९ एप्रिल

सकाळी त्यांची वेणी घालत होते. आज त्यांनी मला ओळखलं नाही. कुणी शेजारीण समजून बोलत होत्या. मी तसंच चालू दिलं. म्हटलं, मावशी, घसा सुकत नाही का तुमचा?

"सुकतो की."

मग पीत का नाही?

इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "घरात बाळंतीण हाय. अंग शेकायला, न्हायला, बाळाला, दोन बादल्या तर तिथंच जात्यात. अंगावर पाजती, तिला तहान लई. टँकरचं पाणी किती पुरवावं? मी म्हातारी. माझं ओठ ओलं केलं तरी भागतं."

माझ्या हातात वेणी तशीच राहिली.

"तिला सांगू नको बरं," म्हणाल्या. "लई जिद्दी हाय. कळलं तर न्हायचीच न्हाई."

त्या उन्हाळ्यात मला रोज कढत पाणी मिळायचं. सव्वा महिना. एक दिवस चुकला नाही. बाहेर लोक हंड्यावरून भांडत होते आणि मी आत शेक घेत होते. पाणी कुठून येतं ते मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आणि मी बायांना सांगत होते — बघा, आत्याबाईंनी पाणी वाचवायला शिकवलं!

वेणी कशीबशी घातली. नाही सांगणार तिला, म्हटलं.

३० एप्रिल

सकाळी न्हाले. केस ओलेच ठेवले, डोक्याला फडकं बांधलं, कानात कापसाचे बोळे घातले आणि बाजेवर भिंतीला टेकून बसले. संस्कृतीची जुनी दुपटी गुंडाळून मांडीवर घेतली. हे दारातच थांबले.

आत्याबाई आल्या. मी त्यांच्यासमोर तांब्या तोंडाला लावला, अर्धा प्यायले. अर्धा त्यांच्यापुढं केला. म्हटलं, मला उरलं हे.

"पोट भरलं?"

भरलं, आत्याबाई.

त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.